ब्युरोच्या मावश्यांसाठी माथाडीसारखं मंडळ हवं का?

औसारोडकर (धागाकर्ता)
वडलांना पॅरालिसिस होऊन चौदा महिने झाले. आम्ही लातूरला, भाऊ पुण्यात. त्यांना सांभाळायला ब्युरोकडून, म्हणजे घरी पेशंटजवळ बाई पुरवणाऱ्या एजन्सीकडून, मावशी घेतो. चौदा महिन्यांत नऊ मावश्या बदलल्या. ब्युरोला दिवसपाळीचे महिना 15,000 देतो. परवा नववी मावशी सोडून जाताना बोलून गेली की तिच्या हातात 9,500 पडतात. मधले साडेपाच हजार कशाचे? फोन उचलायचे?

ऊसतोडीच्या मुकादमाला आपण सगळे नावं ठेवतो. हा शहरातला मुकादमच की, कोयत्याच्या जागी डायपर.

माझं म्हणणं, माथाडीसारखं मंडळ करा. हमालांसाठीचा 1969 चा माथाडी कायदा आपल्याच राज्याचा आहे. व्यापारी हमाली आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो, मंडळ हमालाला पैसे देतं, लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, दवापाणी निघतं. मावश्यांना हे का नाही? आमदारांना निवेदन द्यायचंय, मसुदा करायलोय. मतं सांगा, शिव्याही चालतील.

ब्युरोवाला_नांदेड
शिव्यांची सुरुवात तर तुम्हीच केली. आता साडेपाच हजाराचा हिशेब ऐका. मावशीच्या घरी लग्न निघालं, पोरगं आजारी पडलं, की सकाळी सात वाजता तुमचा फोन मला. आठच्या आत बदली पाठवायची, तिला रोख द्यायचं. पोलीस पडताळणी, जाहिरात, ऑफिसभाडं वेगळंच. आणि महिन्याच्या वीस तारखेला पेशंट गेला तर? "आमच्या घरात सुतक आणि तुम्ही पैसे मागता?" हे किती वेळा ऐकलंय, मोजलं नाही. मावशीला तिचे वीस दिवस मी खिशातून दिलेत.

वर दोन महिने झाले की घरवाले गुपचूप मावशीला विचारतात, ब्युरो सोड, थेट ये, हजार जास्त देतो. तेव्हा कुणाला कायदा आठवत नाही.

आणि माथाडीचं उदाहरण इथं बसत नाही. मोंढ्यातला व्यापारी पोत्यामागं कमावतो, म्हणून लेव्ही भरतो. तुम्ही कशातून भरणार? बापाच्या आजारपणात कमाई असते का? 15,000 चे 20,000 झाले तर पहिली मावशी बंद करणारे तुम्हीच असाल.

गारखेड्याचे_काका
ब्युरोवाल्यांशी सहमत, नाइलाजानं. बायकोला विसरण्याचा आजार. पेन्शनमधला निम्म्याहून जास्त पैसा मावशीलाच जातो. कायदे मुंबईत होतात, भुर्दंड आम्हाला. सरकारला करायचंच असेल तर आमच्यासारख्यांना थोडी मदत द्या, मग मावशीचा पगार वाढवा.

सिस्टर_जीएनएम
सगळे पगारावर भांडायलेत. माझा प्रश्न वेगळा. मावशीनं काय करायचं नाही, हे कुणी लिहिलंय का?

मागच्या वर्षी एका घरी ड्रेसिंगला जायचे. आजोबा सहा आठवडे झोपून. चादर उचलली तर माकडहाडाशी वाटीएवढी जखम, कडा काळ्या. मावशी बिचारी रोज पावडर लावायची, घामोळं समजून. दर दोन तासांनी कूस बदलायची, मग टाच आणि कंबर बघायची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच घरात नाकातल्या नळीतून पेज द्यायचं काम मात्र तिच्याकडं. आडवं ठेवून दिली तर ती फुप्फुसात जाऊ शकते.

जनरल ड्युटी असिस्टंटचे कोर्स आहेत की सरकारच्या कौशल्य योजनेत. पण कोर्स केलेली आणि न केलेली, ब्युरोच्या दरपत्रकात दोघींचा भाव एकच. मग चार महिने मजुरी बुडवून शिकेल कोण? मंडळ नंतर बघा. आधी कामाच्या पायऱ्या ठरवा आणि प्रत्येक पायरीला दर ठरवा.

औसारोडकर
सिस्टर, हे मसुद्यात घेतो.

काका, मदतीचा मुद्दा रास्त आहे. पण तुमची अडचण मावशीच्या पगारातून का भागवायची?

ब्युरोवाले, आम्ही कशातून भरणार विचारता, तर धंदा तुमचा आहे ना? लेव्ही तुमच्या हिश्शातून कापा. बाकी कामगार कायद्यांत आमचं घर कामाची जागा म्हणून फारसं धरलेलं नाही, हे खरं. नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेनं 'उद्योग' या व्याख्येतून घरगुती सेवा सरळ वगळलीये. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राला सांगितलं, घरकामगारांच्या कायद्यासाठी समिती नेमा. समितीची वाट बघत बसायचं का?

ड्युटीवरची
मी हे बोलून टाइप करायले, चुका समजून घ्या. आजी झोपल्यात, आता टाइम आहे.

2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात गाव सोडलं. शेतात काम नव्हतं. तवापासून हेच काम. तुम्ही नवीन मंडळ म्हणता, जुनं आहेच की. घरेलू कामगार मंडळ, 2008 चा कायदा. 55 झालेल्यांना 10,000 सन्मानधन द्यायची योजना पण निघाली. मी नोंदणीला गेले. जिथं काम करते त्या घरवाल्याचा दाखला आण म्हणले. घरवाले म्हणले, तू तर ब्युरोची. ब्युरोवाले म्हणले, आम्ही फक्त गाठ घालून देतो, मालक ते. दोन खेटे मारले, दोन दिवसाची हजेरी गेली, सोडून दिलं.

पगाराचं सगळे बोलले. दुसरं एक सांगते. एका घरी माझा चहाचा कप खिडकीत उलटा ठेवलेला असायचा, वेगळा. आजीचं हागणं-मुतणं ह्याच हातानं काढायचं, ते चालायचं. आडनाव विचारल्यावर कप वेगळा झाला. ते मसुद्यात कुठं लिहिता बघा.

सिस्टर बोलल्या ते खरं. मला पण कुणी शिकवलं नाही, घाटी दवाखान्यात नातेवाइकाजवळ बसून बघून बघून शिकले.

ब्युरोवाला_नांदेड
ताई, दाखल्याचं आमच्याकडूनही होतं तसं, नाकारत नाही. दाखला दिला की उद्या आम्हीच मालक ठरू, फंड भरा म्हणून नोटीस येईल, ही भीती. पण ब्युरोला लायसन असावं, किती कापतो ते पावतीवर छापावं, इथपर्यंत मी सही करतो. लेव्हीला नाही.

औसारोडकर
मग पहिली मागणी तीच लिहितो. दाखला ब्युरोनं द्यायचाच, तो नसेल तर घरवाल्याचा स्वतःच्या सहीचा कागद चालावा. नवव्या मावशीला मी आजच लिहून दिला. आमच्याकडं मावशीचा कप कुठं असतो ते मात्र बायकोला विचारावं लागलं. उत्तर इथं लिहीत नाही.

गुरुवारी आमदार भेटायलेत, अकरा वाजता.

ड्युटीवरची
आमच्या नावानं कागद जायलाय तर आमच्यातली एक तरी सोबत न्या. गुरुवारी माझी रात्रपाळी आहे, दिवसा येते. पण आठच्या आत ड्युटीवर सोडा, नाहीतर ब्युरो हजेरी कापतंय.