हेलिओस ४४-२ ही जुनी रशियन लेन्स : उघडून साफ करावी की कपाटात ठेवावी?

जुनी_काच
काल एकाने इथे लिहिलं, "रशियन लेन्स म्हणजे जर्मन झाइसची नक्कल आणि वर बुरशी. तसला फिरता बोके (मागची धूसर पार्श्वभूमी) फोन देतो." रात्रभर डोक्यात राहिलं. हेलिओस ४४ ही झाइसच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ वर बेतलेली आहे, मान्य. पण तो भोवरा म्हणजे फिल्टर नव्हे. फ्रेमच्या कडेला तिरपा येणारा प्रकाश नळीतच थोडा अडतो, मागच्या उजेडाचे ठिपके मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात आणि मध्याभोवती फिरल्यासारखे दिसतात. मागे पानांतून झिरपणारं ऊन, माणूस दीड मीटरवर, छिद्र पूर्ण उघडं म्हणजे एफ/२. एकदा काढून बघा. अ‍ॅपला केसांची कडसुद्धा धड कापता येत नाही.

फिक्स_फोकस
ते वाक्य माझंच. ज्युपिटर-९ ही दुसरी रशियन लेन्स झाइसच्या सोनारवरून, हेलिओस बायोटारवरून, मग नक्कल नाही तर काय? ऊन समोर आलं की फोटो दुधाळ. एका लग्नात वापरली, मुलाकडच्यांनी पैसे कापले.

जुनी_काच
कडेचं ऊन अडवणारा हूड लावला होता का? लग्नात वापरा असं कोण म्हणालं?

कोकणी_पाऊस
बुरशीचं खोटं नाही. वडिलांच्या झेनिट कॅमेऱ्याची लेन्स रत्नागिरीत चामड्याच्या केसमध्येच राहिली. चामडं ओल धरतं. पेरॉक्साइडने बुरशी निघाली, पण कोटिंगवरचे डाग तसेच. आता ती केस घरात नाही.

चिमटा
बुरशीपेक्षा वाईट म्हणजे घरच्या घरी लेन्स उघडणारे. जुनं ग्रीस घट्ट झालं की यांचे हात शिवशिवतात. हेलिकॉइडला, म्हणजे फोकसच्या फिरत्या नळीला, बरेच आटे असतात, कुठे सुटला ती खूण केली नाही तर भलत्याच आट्यात बसतो. मला एकाने 'सर्व्हिस केलेली' म्हणून विकली, इन्फिनिटी, म्हणजे लांबचा फोकस, आजतागायत आली नाही. तुमच्यासारख्यांनीच बाजार नासवलाय.

जुनी_काच
शब्द जपून. मी सुटायच्या जागी सुईने खूण करतो, मगच काढतो. पहिली लेन्स चार वेळा चुकीची बसवली, पाचव्यांदा बसली, आणि ती माझीच होती, विकलेली नाही. पोस्टाने पाठवून ग्रीस बदलून आणायला लेन्सच्या किमतीएवढे पैसे मागतात. मग काय, फेकून द्यायची? तुमची बॉडी कोणती?

चिमटा
निकॉन डीएसएलआर. त्याचा काय संबंध?

कोकणी_पाऊस
अहो, हेलिओसच्या एम४२ स्क्रू माउंटला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉनचा माउंट ४६.५ वर. साध्या जोड-रिंगवर इन्फिनिटी येणारच नाही, आटे कितीही बरोबर बसवा. आधी मिररलेसवर (आरसा नसलेला कॅमेरा, त्यात हे अंतर कमी) लावून पाहा.

चिमटा
भाच्याच्या मिररलेस सोनीवर लावली. समोरच्या टेकडीवरचा टॉवर कडक आला. विक्रेत्याबद्दलचं मागे घेतो. घरी उघडण्याबद्दलचं नाही.

फिक्स_फोकस
कडेच्या ठिपक्यांचं पटलं. नक्कल मी नक्कलच म्हणणार. हूड नव्हता.