क्विन मेडो: टॅगवाल्या गवताचं काय करायचं? (तातडीचं)

नाना, मंगळवार सकाळी 7:40

मंडळी,
पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी क्विन मेडोच्या घोडे-कॅम्पला निघायचंय. चांदणी आणि सरदार या आपल्या घोड्यांसाठी मी शेजारच्या शेतातून ऑर्चर्ड गवताचे आठ गठ्ठे आणून गॅरेजात रचून ठेवलेत. काल वहिनींचा फोन आला, हे चालायचं नाही, टॅगवालं हवं. इथल्या दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे नाही. तिसऱ्याकडे आहे, पण भाव जवळजवळ दुप्पट. मी नगर जिल्ह्यातला, बैलांना वैरण घालत वाढलो. चांगलं गवत मला हातात घेतलं की कळतं. आधी ज्यांनी नेलंय त्यांनीच सांगावं, खरंच अडवतात का?

नाना

वहिनी, मंगळवार सकाळी 9:15

नाना, गवत चांगलं आहे की वाईट हा मुद्दाच नाही. ऑरेगनमधल्या सगळ्या राष्ट्रीय वनांत घोड्यांसाठी तणविरहित म्हणून प्रमाणित केलेलाच चारा न्यायचा नियम आहे. शेतात कापणीच्या आधी तपासणी होते आणि मग गठ्ठ्याला टॅग किंवा ठरावीक रंगाचा दोरा लागतो. कापल्यावर तपासून उपयोग नसतो. गवत मिळतच नसेल तर कारखान्यात चारा दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट्स, चालतात, त्यात बी जिवंत राहत नाही.

क्विन मेडो डेशूट्स राष्ट्रीय वनात आहे, तिथे आपण पाहुणे आहोत. अडवतील की नाही यावर मला ठरवायचं नाही.

तात्या, मंगळवार दुपारी 12:50

गवताचं तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, आम्ही घोडे नसलेली सात कुटुंबं कुठे राहणार? मागे गट-बुकिंग करताना मी स्पष्ट विचारलं होतं. क्विन मेडो घोडेवाल्यांसाठी आहे, आणि साध्या कॅम्पग्राउंडवर घोडे आणू देत नाहीत. मग शेकोटीच्या गप्पा होणार कधी? आणि शेकोटी तरी करू देणार का, ऑगस्ट आहे.

वहिनी, मंगळवार दुपारी 1:20

तात्या, तुमची बुकिंग्ज एल्क लेकच्या साध्या कॅम्पग्राउंडला आहेत, मार्चमध्येच सगळ्यांना मेल गेली आहे. गाडीने अगदी जवळ. संध्याकाळी आम्हीच तिकडे येऊ, घोड्यांपाशी आळीपाळीने एक जण थांबेल. आगीवर बंदी असली तर गॅसच्या शेगडीवर पिठलं होईलच.

माई, मंगळवार रात्री 10:05

नाना, तुम्ही बैलांचं लिहिलंत म्हणून लिहिते. गाजरगवत आठवतं का? पुण्यात पन्नासच्या दशकात ते पहिल्यांदा दिसलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानतात. आमच्या लहानपणी ते रस्त्याच्या कडेला होतं, मग बांधावर आलं, मग अख्ख्या पडीक रानात. एका झाडाला हजारो बिया. माझ्या वडिलांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पुरळ यायचं. उन्हाळ्यात फडकं गुंडाळून उपटायचे, तरी रात्री खाजवत बसायचे. मी वाटीत खोबरेल कोमट करून त्यांच्या हाताला लावायचे, तेव्हा आठ वर्षांची असेन.

एवढं सगळं कुणाच्या तरी धान्यातल्या न दिसणाऱ्या बियांमुळे झालं. आता आपण दुसऱ्याच्या रानात जातोय. आपल्या गठ्ठ्यातून त्या कुरणात काही उगवायला नको.

नाना, बुधवार सकाळी 6:30

माई, वाचून मन जड झालं. पण हे गवत मी ओळखीच्या माणसाकडून आणलंय. शिवाय चाऱ्याचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे, एकदाही तक्रार आलेली नाही. त्या रानात हरणं फिरतात, तीही बिया पसरवतातच ना?

वहिनी, बुधवार सकाळी 8:00

हरणं तिथलंच खातात, तिथलंच टाकतात. आपण दीडशे मैलांवरचं नेतोय. आणि बी फक्त गठ्ठ्यातून जात नाही, लिदेतूनही जातं. म्हणून निघायच्या आधी किमान चार दिवस घोड्याला तेच प्रमाणित गवत घालायला सांगतात.

त्यातही एकदम बदल करायचा नाही. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत न्यायचं. तीन वर्षांपूर्वी मी एका रात्रीत गवत बदललं आणि सरदारला पोटशूळ झाला. रात्री अडीचला तो कुशीकडे वळून बघत होता, पुढच्या पायाने माती उकरत होता, घामाने मान ओली. पहाटे पाचपर्यंत मी त्याला फिरवत होते. ते मला पुन्हा करायचं नाही. म्हणजे गवत आज-उद्याच यायला हवं.

हिशेब: हजार पौंडांच्या घोड्याला दिवसाला साधारण 20 पौंड. दोघांचे 40. तिथले चार दिवस 160, आधीचे चार दिवस 160. मिसळायच्या दिवसांचं थोडं वर. साठ पौंडांचे सहा-सात गठ्ठे पुरतात. दुप्पट भाव असला तरी सहा-सातच गठ्ठ्यांचा आहे, नाना.

तात्या, बुधवार दुपारी 12:10

घोडे झाडाला बांधून ठेवले तर चालतं का? माथेरानला सगळे बांधतात.

वहिनी, बुधवार दुपारी 12:45

नाही चालत. क्विन मेडोला घोड्यांसाठी कुंपणाचे कप्पे आहेत, तिथे प्रश्न नाही. पण दुपारी वाटेत जेवायला थांबलो तर दावण टांगायची. दोन झाडांना रुंद पट्टे लावायचे, म्हणजे साल कापली जात नाही. डोक्याच्या वर, सात फुटांवर दोर ताणायचा आणि घोडे मधोमध बांधायचे, खोडापाशी नाही. झाडाला बांधलेला घोडा कंटाळून मुळं उकरतो, साल सोलतो. पाण्यापासून दोनशे फूट लांब. लीद पसरून टाकायची.

माथेरानच्या मोतद्दारांना त्यांची जागा माहीत आहे, त्यांची तुलना इथे नको.

माई, बुधवार दुपारी 3:30

चंदी कोण आणतंय? आणि मुलांना सांगा, परवानगीशिवाय पाव-बिस्किटं घोड्यांना भरवू नका.

नाना, बुधवार रात्री 9:50

वहिनी, माई,
संध्याकाळी एक गठ्ठा दोर कापून टॉर्चखाली पसरला. वरचे थर स्वच्छ होते, वासही छान. चौथ्या थरात दोन काड्या निघाल्या. बुडाशी जांभळट, पानं कुरळी, टोकाला वाळलेल्या पिवळ्या फुलांचे झुपके. फोटो जोडतोय. नीट पाहिलं तर टॅन्झी रॅगवर्ट, विषारी तण. वाळलं तरी विष जात नाही, घोड्याचं यकृत खातं. मी तेच हातात घेऊन चांगलं म्हणत होतो.

बाकीचे सात गठ्ठे उघडलेले नाहीत. उद्या शेजाऱ्याला त्या काड्या दाखवतो, त्याच्या गाई तेच खातात.

दुप्पट भावाच्या दुकानात सात गठ्ठे राखून ठेवायला सांगितलेत. पैसे मी भरले, मंडळाच्या खात्यातून नकोत.

वहिनी, बुधवार रात्री 10:20

नाना, ट्रेलर घेऊन उद्या सकाळी आठला येते. गठ्ठ्यावरचे टॅग काढू नका, तिथे पोहोचेपर्यंत तसेच राहू देत. उघडलेला गठ्ठा कचऱ्याच्या पिशवीत बांधून ठेवा, अंगणात सांडू देऊ नका.