रात्रीची धाप : लेकराचे श्वास मोजत बसलेल्यांनी लिहावं

थंडी पडली की आमच्या गल्लीत घराआड घर खोकला सुरू होतो. गेल्या वर्षी याच दिवसांत माझा आठ महिन्यांचा मुलगा पाच दिवस वॉर्डात होता. फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना सूज, ब्राँकिओलायटिस. औषध काय द्यायचं ते डॉक्टर सांगतात. पण रात्री अडीचला मूल मांडीवर घेऊन बसल्यावर बघायचं काय, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. अशा रात्री ज्यांनी काढल्यात त्यांनी लिहा. चुका आधी लिहा.

माझी चूक सांगते. मी रात्रभर थर्मामीटरच बघत बसले. ताप शंभराच्या आत, म्हणून निर्धास्त. सकाळी दवाखान्यात सिस्टरनी झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. त्यांनी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजलं. ६२. "ताप नव्हे ओ, हे बघायचं," म्हणाल्या. झबलं काढायला मला दोन सेकंद लागले असते. थंडी वाजेल म्हणून मी वर अजून एक स्वेटर चढवला होता.
(आई, अनगोळ)

*

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, कणकुंबीच्या अलीकडे. जुलैत तिथं पाऊस म्हणजे काय, ते मलप्रभेचा उगम बघायला आलेल्यांनी पाहिलं असेल. कपडे वाळत नाहीत, लाकडं ओली, चुलीचा धूर घरभर. मुलगी सव्वा वर्षाची होती. आई म्हणाली, डबा झालाय (लहान मुलांच्या धापेला आमच्याकडं डबा म्हणतात), पोट उडतंय. शेजारची म्हातारी बिबा तापवून पोटावर चटका द्यायला निघाली होती. तिचा हात मी धरला, एवढंच शहाणपण त्या रात्री माझ्याकडून झालं. बाकी बराच वेळ घालवला. उजाडल्यावर पहिली गाडी धरू म्हणून बसलो, आणि पहाटे पोरीचे ओठ काळसर दिसायला लागले. तेव्हा १०८ ला फोन.

अँब्युलन्समधल्या सिस्टर कन्नड बोलणाऱ्या. मला चार शब्द येतात. "अंजब्याड्री," एवढं मात्र कळलं. घाबरू नका. पोरीला आडवं न ठेवता बायकोच्या छातीशी उभं धरायला लावलं, नाकाशी ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया निघाला. घरी सोडताना बाटलीवर कन्नडमध्ये लिहिलेलं, 'दिनक्के मूरु सल'. मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून वाचून घेतलं, दिवसातून तीनदा. लाजू नका, वाचून घ्या. औषध चमच्यानं नव्हे, सोबतच्या मापानं द्या. आमच्या घरचा चमचा मापाच्या दीडपट निघाला.
(वडील, खानापूर तालुका)

*

मी लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं ड्यूटी केली. वरचे दोन्ही अनुभव वाचून काही सांगावंसं वाटतं.

मोजायचं ते मूल शांत किंवा झोपलेलं असताना, पूर्ण ६० सेकंद. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास एका चालीत नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पुढं पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर श्वास जलद, दाखवायलाच हवं. आणि आकडा कमी असूनही छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, पाजायला घेतल्यावर दूध ओढत नसेल, निपचित पडलं असेल किंवा ओठ निळसर असतील, तर मोजत बसू नका, निघा.

घरची सेवा म्हणाल तर पहिलं काम नाकाचं. तान्ही बाळं नाकानंच श्वास घेतात, नाक चोंदलं की दूध सुटतं. पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे मेडिकलमधल्या सलाईनच्या थेंबांचे, दोन-दोन थेंब. मग थोडं थोडं, पण वारंवार पाजायचं. बाळ धापत असताना पोटभर पाजायचा हट्ट केला की ओकतं.

वाफेबद्दल माझं मत कडक आहे. उकळत्या पातेल्यानं भाजलेली मुलं मी ड्रेसिंग केलीत. कापूर दोन वर्षांच्या आत छातीला नको, आणि पोटात गेला तर झटके येतात. वर्षाच्या आत मध नको. ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवा, आजीचं समाधान होईल. पण धुरी नको, सुजलेल्या नळ्यांना धूर सोसत नाही. आणि प्रत्येक कफाला 'नेब्युलायझर लावाच' म्हणून डॉक्टरांशी भांडू नका.
(परिचारिका, बेळगाव)

*

सिस्टर, ओव्याचं समाधान आजीला पुरत नाही! आमच्याकडं वेखंडही लागतं.
(आई, येळ्ळूर)

*

निपाणी. तंबाखूचा वास आमच्या हवेतच आहे, सासूबाई विड्या वळायच्या. मुलाला दमा आहे हे मान्य करायलाच आम्हाला दोन वर्षं लागली, 'बाळदमा' म्हणून चालवलं. दम्याच्या औषधाचा पंप (इनहेलर) दिला तर सासूबाई म्हणाल्या, सवय लागंल, पोराचं लगीन व्हायचं न्हाई. पोरगं चार वर्षांचं!

पंप थेट तोंडात मारला तर औषध घशातच बसतं, म्हणून मध्ये स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधली पोकळ नळी. पंप हलवायचा, मास्क नाका-तोंडावर घट्ट, एक दाब, मग पाच-सहा श्वास. दुसरा दाब हवा असेल तर पुन्हा हलवून. सूज कमी करणारा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच निथळू द्यायचा. फडक्यानं पुसला की औषध आत भिंतीला चिकटतं, हे मला वर्षभरानं कळलं. एकदा प्रवासात स्पेसर विसरला, तेव्हा डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचं भोक पाडून दिलं. चाललं.

विड्यांचा सगळा पसारा आता मागच्या सोप्यात गेलाय. सासूबाईंनी स्वतः हलवला. कुणी सांगितलं नव्हतं.
(आई, निपाणी)

*

वडगावात आमचे माग घरातच आहेत. सुताचा भुसा उडतो. मूल झोपतं ती खोली वेगळी केली, ओल्या फडक्यानं पुसतो. माग काही बाहेर नेता येत नाहीत.
(वडील, वडगाव)

*

आत्ताच वाचलं. आमचं बाळ दहा महिन्यांचं. दोन दिवस सर्दी, संध्याकाळपासून छातीत घुरघुर. रडत असताना मोजले, ५६ आले. काय करू? बायको माहेरी, घरात मी आणि आई. वरचं दूध वाटी-चमच्यानं देतोय.
(वडील, उचगाव)

*

रडताना मोजलेलं धरू नका. नाकात थेंब घाला, कडेवर घेऊन निजवा, मग झबलं वर करून मोजा. बरगड्यांखालीही बघा. दूध पितंय का? ५० किंवा वर आले, नाहीतर खळगा दिसला, तर आत्ताच निघा.
(परिचारिका, बेळगाव)

*

झोपलं. दोनदा मोजले, ४४ आणि ४२. खळगा नाही. निम्मी वाटी दूध प्यायलं. आईला उठवून दाखवलं, आता तीच घड्याळ घेऊन बसलीय. सकाळी दवाखाना उघडला की दाखवून आणतो.
(वडील, उचगाव)