अहवालात न लिहिलेलं: सातपुड्यातल्या छोट्या मंडळ्या

परवा माळा आवरताना जुन्या अहवालांच्या कार्बन कॉप्या सापडल्या. १९९६ ते ९८ अशी दोन वर्षं मी धडगावच्या वर एका पाड्यावर स्वयंसेवक होतो. नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, सगळं काम धुळ्यालाच. दर महिन्याला नाशिकच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, अहवाल पाठवायचा: उपासनेला हजर किती, घरभेटी किती, बाप्तिस्म्याच्या तयारीत किती. माझ्या बहुतेक अहवालांत पहिल्या रकान्यात ९ आहेत. एकदाच ११. त्या दोघी कोण तेही आठवलं. बाजाराला निघालेल्या बाया पावसात अडकल्या, आमच्या छपराखाली उभ्या राहिल्या आणि मी मोजून टाकल्या.

म्हणून हा धागा. सातपुड्यात, खानदेशाच्या बाजूला किंवा मेळघाटात, छोट्या मंडळीत जे राहून आले, कुठल्याही पंथाचे असोत, त्यांनी अहवालात जे लिहिलं नाही ते इथे लिहावं. देवाने काय केलं त्याची साक्ष नको, साक्षी आपण रविवारी ऐकतोच. गावांची आणि माणसांची नावं टाळा. सुरुवात मी करतो.

बायबलातलं मत्तय २५. न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे, म्हणजे शिक्षेला. मी पाटीवर चित्र काढून मोठ्या उत्साहात समजावलं. पाड्यावर मेंढरू एकही नव्हतं. मेंढरं बघायची तर खाली सपाटीला, ठेलारी मेंढपाळांच्या कळपात. शेळ्या मात्र घरटी. दवाखाना, पोराच्या लग्नात मुलीकडच्यांना द्यायचं देज, कोर्टाची तारीख, सगळं शेळी विकूनच निभायचं. माझं संपल्यावर एक म्हातारबा उठले आणि दुभाष्या पोराकरवी विचारलं, "शेळीनं काय केलं?" मी काहीतरी बोललो. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "म्हणजे देव ठेलारी आहे का?"

पुढच्या महिन्याच्या अहवालात ८ आहेत.

*

मी नगरची, निवृत्त नर्स. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय.) तळोदा-धडगाव रस्त्याच्या बाजूच्या एका पाड्यावर तीन वर्षं होते. आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे पाव आणि द्राक्षरसाचा विधी, पाळकांशिवाय होत नाही आणि पाळकसाहेब यायचे तीन महिन्यांतून एकदा, तेही चांदसैली घाटात दरड कोसळलेली नसेल तर. एकदा पावसाळ्यात मी तळोद्याहून शुक्रवारीच पाव आणून ठेवला. रविवारी सकाळी कागद सोडला तर पावावर हिरवी लव. साहेब माझ्याकडे बघतात, मी पावाकडे. ज्यांच्या ओसरीत उपासना व्हायची त्या बाई काही न बोलता आत गेल्या आणि ज्वारीची भाकर सागाच्या पानावर ठेवून घेऊन आल्या. निखाऱ्यावरची राख अजून कडेला चिकटलेली. साहेब जरा घुटमळले. बाई म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलं ना, आमची रोजची भाकर आज आम्हास दे?"

प्याल्याची गोष्ट अवघड. नगरला शिकले होते तसा मी मनुका उकळून, गाळून रस केला होता. त्या भागात पूर्वजांच्या नावाने मोहाची दारू शिंपडल्याशिवाय कुठलाही विधी पुरा होत नाही. मंडळीत आलेल्या बायांपैकी निम्म्या केवळ दारू सुटावी म्हणून आलेल्या, स्वतःची नव्हे, नवऱ्याची. आणि आम्ही त्यांच्यापुढे विधीचा प्याला धरणार! एका आजीने वाटी नाकाशी नेली, खाली घेतली, पुन्हा नेली. तीनदा वास घेतला. मग माझ्याकडे रोखून बघितलं. मी आधी पिऊन दाखवलं, तेव्हा तिने ओठ लावले.

अहवालात एवढंच: "प्रभुभोजन विधी पार पडला. सहभागी १३."

*

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. छत्री नेऊ नका, वर वाऱ्याने उलटी होते. प्लास्टिकचा मोठा कागद न्या, पाऊसही अडतो आणि झोपायलाही होतो. विजेरीचे सेल जास्तीचे. बूट एक नंबर मोठे. बाकी मोलगीच्या बाजारात मिळतं.

*

पुण्याचा, आयटीतला. २०१४ च्या ऑक्टोबरात वर्षभराची रजा काढून अक्कलकुवा तालुक्यात गेलो. डोक्यात नाताळचं नाटक. सातच माणसांत बसेल असं लिहूनही नेलं होतं, कारण मंडळी वीसेक जणांची आहे हे कळलं होतं.

दिवाळी झाली आणि आठवड्याभरात गाव रिकामं झालं. खरंच रिकामं. मुकादमाचे ट्रक आले, घागरी, कोंबड्या, पोरं चढली आणि गेली. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं तेव्हाच उचल घेतलेली असते, ती ऊसतोडीने फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. आमच्या मंडळीतले सात कोयते दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या बाजूला गेले. मागे म्हातारी माणसं, काही पोरं आणि मी. पहिल्या रविवारी समोर चार जण होते, त्यातल्या एका आजोबांना ऐकू येत नव्हतं.

डिसेंबरात तिथला सेवक, स्थानिकच, मला म्हणाला, "ब्रदर, मंडळी गावात नाय तर आपण इथं काय करतोय?" चोवीस तारखेला आम्ही नवापूरवरून सीमा ओलांडून गेलो. तोडकऱ्यांच्या वस्तीला तिकडे पडाव म्हणतात. कापून मोकळ्या झालेल्या शेतात बांबू वाकवून त्यावर प्लास्टिक टाकलेल्या खोप्या, आत जाताना रांगावं लागतं. मुकादमाने सांगितलं, दिवसा कोणी भेटायचं नाही. आम्ही बांधावर बसून राहिलो. अंधार पडल्यावर माणसं आली, मग बायांनी चुली पेटवल्या. भाकऱ्या होऊन उपासना सुरू व्हायला साडेदहा वाजले. १७ माणसं. त्यातली पाच बसल्या बसल्या झोपलेली. मी वचन वाचताना पहिल्या ओळीतल्या बाईच्या हातांकडे बघत होतो. उसाच्या पात्याने कापलेल्या बारीक रेघा, त्यात काळा चीक भरलेला, जणू कोणी पेनाने आखल्यात. नाटकाचं नाव मी काढलंच नाही.

पुण्याहून बॅटरीवरची एक चांदणी नेली होती, ती बांबूला टांगली. रात्री दोनला ट्रक भरायला आला आणि सगळे उठले, झोपलेले पाचही. शेतात उजेड नव्हता. कोणीतरी चांदणी काढून नेली. सकाळी मी बघायला गेलो तर ती ट्रकच्या फाळक्याला अडकवलेली होती आणि बॅटरी संपली होती.

अहवालाच्या फॉर्मवर ठिकाण म्हणून एकच रकाना होता, गावाचा. मी गावाचंच नाव लिहिलं. नाताळ उपासना, हजर १७. त्या रात्री गावात तेवढी माणसंसुद्धा नव्हती.

*

मेळघाट. मी शाळामास्तर, निवृत्तीनंतर सेमाडोहच्या पुढे दीड वर्ष काढलं. मला वाटलं कोरकू म्हणजे वऱ्हाडीचीच लांबची बहीण असेल, महिन्यात जमेल. ती भाषा संथाळी-मुंडारीच्या कुळातली निघाली. पाण्याला 'डा', खाण्याला 'जोम'. माझं मराठी, हिंदी, संस्कृतच्या दोन परीक्षा, सगळं फुकट. एप्रिलमध्ये विहीर आटली आणि मी सर्वात आधी शिकलो तो शब्द 'डा'. मंडळी चार घरांची. संध्याकाळची प्रार्थना सहाच्या आत उरकायची, नंतर वाटेवर वाघाची सत्ता. इतक्या आटोपशीर प्रार्थना मी पुढे कुठल्याच चर्चमध्ये ऐकल्या नाहीत.

*

मी अक्कलकुव्याकडचाच. तुम्ही ज्यांच्या घरी राहायचे त्या घरातला. माझ्या लहानपणापासून आमच्याकडे सात मिशनरी राहून गेले. वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला, म्हणून लिहितो.

पहिल्याने सांगितलं, ढोल नाही, होळी नाही. बाबांनी ढोल भिंतीला टांगला. दोन पावसाळ्यांत कातडं तडकलं. तिसरा आला तो टेपरेकॉर्डर घेऊन. म्हणे, तुमचं पारंपरिक संगीत रेकॉर्ड करायचंय, ते देवाच्या सेवेला लावू. बाबा भिंतीकडे बघून गप्प. चौथा म्हणाला, ढोल चालेल, होळी नको. प्रत्येकाला वाटायचं तोच पहिल्यांदा सांगतोय.

आमच्याकडे होळी म्हणजे काय ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. गुजरातेत गेलेलं माणूस दिवाळीला घरी नसलं तरी चालतं, होळीला पाहिजेच. आधी भोंगऱ्या बाजार, म्हणजे होळीआधीचा बाजार, मग होळ्या. काठी गावची होळी पहाटे पेटते, रात्रभर माणूस नाचतं. बाबा दरवर्षी जायचे, लांब झाडाखाली उभे राहायचे, नाचायचे नाहीत आणि सकाळी परत यायचे. नुसतं उभं राहणं चालतं की नाही हे सातही जणांनी कधी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

तमिळनाडूचा एक ब्रदर मात्र आमच्याकडे अकरा वर्षं राहिला. आमची भाषा अशी बोलायचा की अंधारात आवाज आला तर घरचाच वाटावा. आई अजून त्याचीच चौकशी करते, बाकीच्यांची नावं ती एकमेकांत मिसळते.

आणि एक. पुण्याच्या एका ब्रदरला मलेरिया झाला. गाडीरस्ता १४ किलोमीटर. बांबूला झोळी बांधून चौघांनी उतरवलं, पावसात, रात्री. नंतर त्याचं पत्र आलं, "देवाने मला वाचवले." बाबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, चौघांपैकी देव कोण होता ते विचार त्याला.

*

माझे मिस्टर सेवेत होते, मी सोबत. दोनदा पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. चहा दिला, नावं लिहून घेतली, कोण पैसे देतं विचारलं. खरं तर त्या वेळी तीन महिने कोणीच दिले नव्हते. ज्या मंडळीने पाठवलं तिथे कमिटी बदलली होती. शेजारणीने मकाई आणून टाकली, म्हणाली पिकलं की द्या. आम्ही शेत कुठे पेरलं होतं! यातलं काहीही अहवालात लिहायचं नाही अशी सूचना होती.

*

धागा काढणारा मीच. अक्कलकुव्याच्या दादांना: तो झोळीतला मी नव्हे. पण मलाही एकदा तसंच उतरवलंय, ९७ च्या श्रावणात. त्या महिन्याचा अहवाल आत्ता काढून बघितला. "प्रकृती अस्वास्थ्यामुळे घरभेटी ०." चौघांपैकी दोघांचे चेहरे आठवतात, नाव एकाचंही नाही. तुमच्या ढोलाचं पुढे काय झालं?

*

भावाने नवीन कातडं मढवून घेतलं. आता होळीलाही वाजतो, नाताळलाही. फक्त नाताळला भाऊ बारडोलीला असतो, म्हणून तेव्हा माझी पोरगी बडवते. तिला ताल येत नाही.