मदत हवी आहे: रायबाग तालुक्यात अडकलेले ऊसतोडीचे तीन कोयते, उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाही

शिरूरकर (धागाकर्ता)

शिरूर कासार तालुक्यातले (जि. बीड) तीन पूर्ण कोयते, म्हणजे तीन जोडपी, नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग भागात ऊसतोडीला गेले. कारखान्याचे नाव इथे देत नाही. मुकादम (मजुरांची टोळी जमवून नेणारा) पाटोदा तालुक्यातला. उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) कोयत्यामागे १ लाख २० हजार. आता फेब्रुवारी निम्मा झाला. एका बाईला सातवा महिना लागला आहे, तिला घरी यायचे आहे. मुकादम म्हणतो, बाकी भरा आणि जा.

त्याचा हिशेब असा: ७५ दिवसांत कोयत्यामागे १५० टन, दर २८०, म्हणजे ४२ हजार. त्यातून १२ खाड्यांचे (गैरहजेरीचे) दिवसाला ५०० प्रमाणे ६ हजार वजा. फिटले ३६ हजार, बाकी ८४ हजार. सहाही जणांची आधार कार्डे आणि एकाची मोटारसायकल त्याने ठेवून घेतली आहे. रात्री कोप्यांपाशी (मजुरांच्या झोपड्यांपाशी) माणूस बसवतो. एकाचा १३ वर्षांचा मुलगा बरोबर आहे, तो मोळ्या बांधतो. जाताना कोऱ्या चेकवर आणि ५०० च्या स्टॅम्पवर सह्या घेतल्या आहेत.

प्रश्न:
१) तक्रार बीडला करायची की बेळगावला?
२) ८४ हजार भरावेच लागतात का?
३) चेक आणि स्टॅम्पचे काय?

फोनवरचे धमकीचे रेकॉर्डिंग आहे. जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.

गोदाकाठ

आधी एक काम करा. कुठल्याही अर्जावर 'मजुरीचा वाद' किंवा 'हिशेबाची तक्रार' असा विषय लिहू नका. विषय 'वेठबिगारीतून मुक्तता' असाच हवा. पहिला शब्द पडला की कागद कामगार कार्यालयात जातो, तिथे मुकादमाला बोलावून 'निम्मे भरा, मिटवा' होते आणि ती तडजोडच पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा ठरते.

उचल घेतली म्हणून कोणी आपोआप वेठबिगार होत नाही, हे खरे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायद्यात उचल किंवा कर्ज आणि त्यापायी गमावलेली एखादी मोकळीक, असे दोन्ही लागते. ही मोकळीक चारपैकी कुठलीही एक चालते: ये-जा करण्याची, दुसरीकडे काम धरण्याची, किमान वेतनाची, किंवा आपला माल-मेहनत बाजारभावाने विकण्याची. तुमच्या बाबतीत पहिली तर उघड आहे. आधार काढून घेणे, गाडी ठेवणे, रात्री पहारा हे नुसते 'त्रास देतो' असे न लिहिता एकेक करून लिहा, कारण कायद्याची अट नेमकी तिथे पूर्ण होते.

प्रश्न २: नाही. कलम ६ प्रमाणे वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. उलट असे संपलेले कर्ज वसूल करणे हा कलम ९ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. आणि 'हे कर्ज वेठबिगारीचे नाही' हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ ने मुकादमावर टाकला आहे, मजुरावर नाही. नातेवाइकांनी घाबरून ऑनलाइन पैसे पाठवू नयेत. एकदा का १०-२० हजार गेले की 'त्यांनी बाकी मान्य केली' असे सांगायला मुकादम मोकळा.

हिशेबाचेही पाहा. ४२ हजार भागिले ७५ दिवस, भागिले दोन माणसे, म्हणजे माणशी रोज २८० रुपये. पहाटेपासून फडात (तोडणीच्या उसात) आणि रात्री गाडी भरायला, एवढ्या कामाचे. कर्नाटकातल्या किमान वेतनाची चालू अधिसूचना कामगार खात्याच्या संकेतस्थळावरून काढा आणि हे गणित शेजारी मांडा. किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीचे श्रम ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले आहे. जानेवारी २०२४ च्या ३४ टक्के वाढीनंतरचा टनाला साधारण ३६६ हा दर मात्र महाराष्ट्रातल्या करारातला आहे. कर्नाटकातल्या कारखान्याला तो थेट बांधत नाही, त्यामुळे अर्जाचा डोलारा त्यावर उभारू नका.

प्रांतकचेरी

प्रश्न १: मुख्य अर्ज बेळगावला, प्रत बीडला. सुटका आणि मुक्तता प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला) हे काम जिथे राबवून घेतले जाते तिथल्या दंडाधिकाऱ्यांचे. कर्नाटकात डेप्युटी कमिशनर म्हणजे आपले जिल्हाधिकारी आणि असिस्टंट कमिशनर म्हणजे आपले प्रांत. रायबाग चिकोडी उपविभागात येते, म्हणजे अर्ज बेळगावच्या डेप्युटी कमिशनरांना आणि चिकोडीच्या असिस्टंट कमिशनरांना. प्रती बेळगावचे पोलीस अधीक्षक, तिथले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि बीडचे जिल्हाधिकारी यांना. ईमेल करा, पण त्याच दिवशी कोणीतरी हातोहात देऊन पोच घ्या. नुसता ईमेल दोन-दोन आठवडे कोणी उघडत नाही. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत हवा, मराठी प्रत मागे जोडा. बेळगावात मराठी समजते हो, पण फाइल कन्नडमध्ये चालते.

अर्जात निबंध नको. एवढे हवे:

सहा मजूर आणि मुलगा यांची नावे, वये, गाव. आधारवर आहे तेच स्पेलिंग. मुकादमाचे नाव-गाव. उचल किती, कधी, कोणासमोर. काम सुरू झाल्याची तारीख. कोप्या कुठे आहेत: गाव, ज्याच्या शेतात आहेत त्याचे नाव, जवळचा रस्ता, आणि मोबाइलवरून काढलेले लोकेशन. उसाच्या गाडीचा नंबर आणि काट्याच्या (ऊस वजनाच्या) पावतीचा फोटो. काय काय अडवून ठेवले. कोण गरोदर, कोण १४ वर्षांखालचे. शेवटी मागणी: तत्काळ सुटका, प्रत्येकाला स्वतंत्र मुक्तता प्रमाणपत्र, थकलेली मजुरी, आधार व मोटारसायकल परत, गुन्हा दाखल, बीडपर्यंत सुरक्षित पोहोचवणे.

लोकेशनला सगळ्यात जास्त महत्त्व द्या. टोळी फड बदलते तशा कोप्याही हलतात. पथक जुन्या जागी जाऊन 'मजूर आढळले नाहीत' असा अहवाल देते आणि प्रकरण बंद होते. अर्ज दिल्यावर रोज सकाळी ताजे लोकेशन अधिकाऱ्याला पाठवा.

काट्याची पावती मजुरांकडे नसते, गाडीवानाकडे असते. फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळे, कारण त्यावर तारीख, वजन आणि कारखाना तिन्ही येतात. नाही मिळाला तरी अडत नाही.

पोलीस 'हा पैशाचा व्यवहार आहे, कोर्टात जा' म्हणतील. तेव्हा भारतीय न्याय संहितेचे कलम १२७ (बेकायदा कोंडून ठेवणे) आणि १४६ (सक्तीची मजुरी) यांवर बोट ठेवा. प्रांतांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली कोंडलेल्या माणसाच्या शोधाचे वॉरंटही मागता येते. झीरो एफआयआर (हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा) शिरूर कासारलाही नोंदवता येतो, पण तो वर्ग होऊन तिकडे पोहोचेपर्यंत पट्टा पडायची (हंगाम संपायची) वेळ येईल. म्हणून फक्त त्यावर विसंबू नका.

वाहनमालक

दुसरी बाजूही बघा. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूक ठेकेदाराकडून स्वतःच्या सहीवर पैसे उचलतो. कोयता पळाला की ते त्याच्या अंगावर येतात, मुकादमांच्या जमिनी गेल्या आहेत. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेणारेही आहेत. बसून मिटवा, सगळ्यांच्या सोयीचे.

गोदाकाठ

@वाहनमालक, मुकादम पिळला जातो हे मान्य. पण ते पैसे वसूल करायचा त्याचा रस्ता कारखान्याकडे किंवा दिवाणी न्यायालयात जातो, मजुराच्या कोपीपाशी पहारा बसवून नाही. मजूर मोकळा आहे, किमान वेतन मिळते आहे आणि तरी उचल घेऊन आलाच नाही, तर ती वेगळी केस. इथे तसे नाही.

अंगणवाडी

गरोदर बाईचे अर्जापर्यंत थांबवू नका. १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकातही आहे. दवाखान्यात जायला कोणी अडवले तर ११२ लावा. तपासणीच्या केसपेपरवर तारीख आणि राहण्याचे ठिकाण लिहून घ्या. ती त्या तारखेला तिथे होती याचा हा सरकारी कागद, आणि मुकादम 'त्या बाईला मी ओळखत नाही' म्हणाला तर कामाला येतो. माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिले असेल तर आशाताईंकडून फोटो मागवा.

मुलाबद्दल: १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणे १९८६ च्या बालकामगार कायद्याने (२०१६ ची दुरुस्ती) बंद आहे. 'आईबापाला मदत करतो' ही सवलत घरच्या व्यवसायाला आहे, मुकादमाच्या टोळीला नाही. पण १०९८ वर (मुलांच्या मदतवाहिनीवर) एकट्या मुलाची तक्रार करू नका. तसे झाले तर मूल बालकल्याण समितीकडे आणि आईबाप फडात, अशी ताटातूट होऊ शकते. सातही जणांची सुटका एकत्र मागा आणि मुलाचे नाव मुक्तता प्रमाणपत्रात वेगळे येईल हे पाहा.

शिरूरकर

सर्वांचे आभार. अर्ज काल दिला, पोच आहे. आज तिथल्या पोलिसांनी मुकादम आणि तिघा पुरुषांना ठाण्यात बोलावले. बायका कोपीवरच होत्या. 'आमची तक्रार नाही, स्वखुशीने गावी जात आहोत' असा कन्नड कागद पुढे ठेवला आहे. सही केली की लगेच सोडतो म्हणतात. काय करू? लोक निघायच्या घाईत आहेत.

प्रांतकचेरी

सही नको. अजिबात नको. त्या कागदाने सुटका होईल, पण प्रमाणपत्र जाईल, आणि महिन्याभराने मुकादम गावी येऊन तोच कागद दाखवत ८४ हजार मागेल. शांतपणे एवढेच म्हणा, 'कन्नड वाचता येत नाही, जबाब प्रांतसाहेबांसमोर मराठीत देऊ'. न समजलेल्या कागदावर सही करायला कोणी भाग पाडू शकत नाही.

लगेच चिकोडीच्या असिस्टंट कमिशनरांच्या कार्यालयात फोन करा आणि जबाबाची वेळ मागा. जबाब सहा जणांचे सहा, मुकादम खोलीबाहेर, बायकांचे वेगळे. इथेच बहुतेक प्रकरणे फसतात: नवऱ्याचा जबाब 'कोयत्याचा' म्हणून धरतात आणि प्रमाणपत्र तिघांनाच देतात. कायदा कोयता मोजत नाही, माणूस मोजतो. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्रीला आणि मुलाला २ लाख अशी रक्कम आहे. म्हणजे बाईचे नाव गळाले की मोठा हिस्साच गळतो. तातडीची मदत ३० हजारांपर्यंत, ती जिल्हा प्रशासनाने खटल्याच्या निकालाची वाट न पाहता द्यायची असते. उरलेल्या रकमेसाठी वेठबिगारी सिद्ध झाल्याचा निष्कर्ष कागदावर लागतो, म्हणून जबाब मोघम नकोत.

प्रमाणपत्र हातात पडल्यावर तिथेच उभे राहून वाचा. नाव, वय, गाव, मालकाचे आणि मुकादमाचे नाव, १९७६ च्या कायद्याचा उल्लेख, 'कर्ज संपुष्टात आले' हे वाक्य, जावक क्रमांक, सही, शिक्का. 'स्थलांतरित मजुरांना गावी पाठवले' एवढेच लिहिलेले पत्र म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

वकीलसाब_नांदेड

वर बरोबर सांगितले आहे. भर एवढीच: वेठबिगारीच्या पीडितांना, तसेच सर्व स्त्रियांना, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० वर (विधी सेवेच्या मदतवाहिनीवर) फोन करून बेळगावच्या प्राधिकरणाचा वकील जबाबाच्या वेळी मागा. प्रशासन हललेच नाही तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात हेबियस कॉर्पस (कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणण्याची याचिका). उचल बीड जिल्ह्यात दिली असल्याने औरंगाबाद खंडपीठातही प्रयत्न करता येईल, पण माणसे धारवाडच्या हद्दीत आहेत, आदेश तिथूनच लवकर लागू होतो.

प्रश्न ३: कोरे चेक आणि स्टॅम्प यांचा उल्लेख जबाबात चेक नंबरसह करून ठेवा. बँकेत लेखी 'पेमेंट थांबवा' द्या. पुढे चेक वटला नाही म्हणून नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत उत्तर गेलेच पाहिजे. गप्प बसणे महागात पडते. चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ ला कायद्याने वसूल करता येण्याजोगे देणे लागते आणि संपलेले कर्ज तसे नसते, पण हे न्यायालयात मांडावे लागते, आपोआप होत नाही. वसुलीचा दिवाणी दावा आलाच तर मजुराच्या बाजूने तो लढवणे हे १९७६ च्या कायद्याखालच्या जिल्ह्यातल्या दक्षता समितीचे काम आहे, त्याच कायद्याचे कलम १४. बीडच्या समितीला तसा लेखी अर्ज करता येतो. हे फारसे कोणी वापरत नाही, वापरा.

मुकादम पाटोद्याला फसवणुकीची तक्रार देईल, हे गृहीत धरा. प्रमाणपत्राची प्रत पाटोदा आणि शिरूर कासार या दोन्ही ठाण्यांत आधीच देऊन पोच घ्या.

शिरूरकर

सही केलेली नाही. उद्या सकाळी ११ ला चिकोडीला सहाही जणांचे जबाब ठरले आहेत, प्राधिकरणाचा वकील येतो म्हणाला. एकच राहिले: मोटारसायकल आणि आधार मुकादमाने परत दिले नाहीत तर थांबायचे का?

गोदाकाठ

थांबू नका. जबाबात गाडीचा नंबर सांगा आणि जप्त करून परत मिळावी अशी मागणी त्यातच लिहून घ्या. तारण म्हणून ठेवलेली वस्तू १९७६ च्या कायद्याच्या कलम ७ ने मोकळी होते, ती सोडवायला पैसे लागत नाहीत. आधार नंबरवरून पुन्हा काढता येते. बँकेची पासबुके मात्र सहाही जणांची स्वतंत्र तयार ठेवा. बायकांचे खाते नसेल तर गावी पोहोचल्या आठवड्यातच उघडा, आणि बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात पुनर्वसनाच्या अर्जाबरोबर प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत तुम्ही स्वतः द्या. बेळगावहून ती टपालाने येईल या भरवशावर राहिलात तर इकडे फाइलच उघडत नाही.