नागपूरहून व्हॅन घेऊन कोकणात: रात्री गाडी फुकटात कुठे लावायची?

महालकर_नागपूर

नमस्कार मंडळी. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली आणि नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गॅरेजवाल्याकडून आतून बांधून घेतली. दोन बाक, रात्री त्यांचाच पलंग होतो. मागे गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, केमिकल टॉयलेट. छतावर कुलर बसवलाय, कारण एसीला बॅटरी पुरत नाही. आरटीओत बदलाची नोंद झाली आहे, तो विषय इथे नको.

मी, बायको आणि चौथीतली मुलगी. शिवमडक्याहून समृद्धीवर चढायचं, ७०१ किलोमीटर कापून आमण्याला उतरायचं, पनवेलमार्गे अलिबाग गाठायचं आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून वेंगुर्ल्यापर्यंत सवडीने जायचं, असा बेत आहे. नाताळच्या सुट्टीतले हॉटेलांचे दर पाहिले आणि व्हॅन बांधली ते बरं केलं असं वाटलं.

अडचण एकच, रात्रीची. परदेशी लोक वापरतात ती मुक्कामाची अ‍ॅपं उघडली. युरोपच्या किनाऱ्यावर ठिपकेच ठिपके, आणि कोकणावर आलं की समुद्र निळा अन् जमीन रिकामी. गाडी फुकटात लावून निवांत झोपता येईल अशा जागा कोणाला माहीत आहेत का? बीचवर चालतं का? पेट्रोल पंपावर बायको-मुलीला घेऊन झोपणं कितपत बरं? शक्यतो स्वतः राहून आलेल्यांनी सांगा.


बिनधास्त_बुलेट

काशीदला जा, झाडीतून थेट वाळूत उतरवा गाडी. दार उघडलं की समुद्र. आम्ही बुलेट नेहमी खालीच लावतो, कोणी काही बोलत नाही.


हिंगण्याचा_फिटर

वरच्या भाऊंचं ऐकू नका बाप्पा. वाळूत रुतलेली बुलेट चौघं मिळून उचलतात, ट्रॅव्हलर नाही उचलत. दर सुट्टीत कोकणातून बातमी येते: पर्यटकाची गाडी वाळूत फसली, भरतीचं पाणी बोनेटवर आलं, शेवटी जेसीबीने ओढली. वरून पोलीस केस. किनाऱ्यावर वाहन उतरवायला मनाई आहेच, आणि खारं पाणी एकदा वायरिंगमध्ये शिरलं की ती गाडी कोणताच मिस्त्री मनापासून हातात घेत नाही.

मी एसटीच्या हिंगणा वर्कशॉपातून रिटायर झालेला माणूस. माझी गाडी तुमच्यापेक्षा लहान, ईको. पण कोकणात मुक्काम मी आणि आमच्या हिने पुष्कळ केले, म्हणून लांबलचक लिहून राहिलो.

कोकणात जागा कोणाची तरी असतेच. देवळाची, ग्रामपंचायतीची, कोणाच्या वाडीची, नाही तं बंदर खात्याची. म्हणून अ‍ॅपवर ठिपके नाहीत. विचारावं लागते, आणि नीट विचारलं तर बहुतेक ठिकाणी मिळते. वेळ मात्र पाच-साडेपाचची पाहिजे, उजेडातली. अंधार पडल्यावर एमएच ३१, म्हणजे नागपूर पासिंगची, पडदे ओढलेली मोठी गाडी वाडीत शिरली की लोक दारं लावून घेतात. काहून घेऊ नये? १९९३ च्या स्फोटांचं सामान दिघी अन् शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. २०२२ च्या ऑगस्टात हरिहरेश्वरला रायफली असलेली बोट वाहत आली, तेव्हा अख्ख्या रायगडात नाकाबंदी होती. त्या पट्ट्यात सुनसान जेटीजवळ अनोळखी गाडी दिसली की फोन जातोच. आम्ही गावात शिरल्यावर आधी पोलीस पाटलाचं घर विचारतो, आरसी बुक अन् आधार दाखवतो, कुठून आलो ते सांगतो. दहा मिनिटांचं काम. बरेचदा जागाही तेच सुचवतात.

आमची सगळ्यात आवडती सोय म्हणजे खाणावळीचं अंगण. श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, मालवण, कुठेही जा, 'घरगुती जेवण मिळेल' अशा पाट्या दिसतात. दुपारीच फोन करून रात्रीचं जेवण सांगून ठेवायचं, कारण तिथे ऑर्डरप्रमाणेच रांधतात. जेवता जेवता विचारायचं, "काकू, गाडी इथेच लावून गाडीतच झोपलो तर चालेल का?" नाही म्हणणारे मला थोडेच भेटले. जेवण तं तुम्ही घेणारच होते, म्हणून जागा फुकटच धरा. सकाळी संडास-बाथरूमही मिळते, त्याचे पैसे घेत नसले तरी मुलांच्या हातात काही ठेवा. आम्ही नागपूरची संत्री नेतो. आमच्या हिची जीभ सावजीवर वाढलेली, पहिल्या रात्री सोलकढीचा पेला पाहून म्हणे, "हे दूध नासलं का?" आता घरी कोकमं आणून ठेवते.

दुसरी सोय देवळाची. वेळणेश्वरला देऊळ समुद्राला लागूनच आहे. हेदवीचा दशभुजा गणपती टेकाडावर आहे अन् तिथे भक्तनिवास आहे. कुणकेश्वरलाही देवळापाशी गाड्या लावायला भरपूर जागा. अशा ठिकाणी गुरवाला किंवा ट्रस्टच्या ऑफिसात विचारा. आवारात अंडं-मासळी शिजवायची नाही, आरतीच्या वेळी गाडीत टीव्ही नाही, एवढं पाळलं की कोणी हटकत नाही. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा अन् शिमग्यात गावोगावच्या पालख्या, त्या दिवसांत देवळाचा विचार सोडा. पाय ठेवायला जागा नसते.

पेट्रोल पंप म्हणाल तर ६६ नंबरच्या हायवेवरचे मोठे पंप बरे. चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, राजापूर, कणकवली या पट्ट्यात ट्रकवाले रात्रभर थांबतात, दिवे असतात, हवा-पाणी-संडास फुकट. डिझेल तिथेच भरा, मॅनेजरला सांगा, ऑफिसच्या उजेडात लावा. बायको-मुलीला भीती नाही, पण झोप मिळेलच असं नाही. रात्री दोनला शेजारी कंटेनर रिव्हर्स घेतो अन् हॉर्न देतो. पंप म्हणजे घाट उतरून उशिरा पोचल्या दिवसाची सोय. समुद्रही दिसत नाही, हायवे आतून जातो.

आता जिथे मोह होते पण लावू नये ती जागा. रत्नागिरी-देवगडकडे जांभ्या दगडाचे सपाट सडे आहेत. वर गेलं की चारी बाजूंनी मोकळं, खाली समुद्र, कोणी नाही. फोटोत लय भारी दिसते. पण फेब्रुवारी-मार्चनंतर बाजूच्या हापूसच्या बागांत राखणदार असतात, अन् आंब्याच्या दिवसांत रात्री बागेजवळ उभी गाडी म्हणजे चोराचीच समजतात. दुसरं, याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, अशा किती गावांत. माणसं, हत्ती, मासे जमिनीतच कोरलेले आहेत. काही ठिकाणी भोवती कठडा केलाय, काही ठिकाणी गवताखाली दिसतही नाहीत, चाक चढलं तरी तुम्हाला कळणार नाही. डांबरी सोडून सड्यावर गाडी घालूच नका.

अन् तुमचा कुलर. वाईट वाटून घेऊ नका, पण तो घरी उतरवून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की कुलरच्या ताटीतलं पाणी भराभर उडते अन् हवा गार होते. कोकणातल्या हवेत आधीच पाणी भरलेलं. ताटी ओली ती ओलीच राहते, थंडावा शून्य, आतली दमट मात्र वाढते. डिसेंबरातही पहाटे दहिवर पडते अन् गाडीच्या पत्र्याला आतून पाणी सुटते. तिघांचा श्वास, वरून सकाळचा चहा. गादी थेट प्लायवर टाकली तर खालून काळी बुरशी धरते. आम्ही गादीखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या, बोटभर फट ठेवून, अन् मागच्या खिडकीत बारा व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा लावला. समोरची खिडकी दोन बोटं उघडी अन् तिला मच्छरदाणीची जाळी. एवढ्याने भागते.


गुहागरची_सून

फिटरकाकांनी बरंच सांगितलंय, मी गावाच्या बाजूने थोडं बोलते.

गाडी नारळाखाली लावू नका. दर वेळी पाहुण्यांना सांगावं लागतं. सावली दिसते म्हणून लावतात आणि रात्री वाळकी झावळ किंवा नारळ काचेवर येतो. पोफळीखाली चालेल.

आमच्या आळीतला रस्ता दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांमध्ये अडकलेला आहे. समोरून एसटी आली की मागे घ्यावंच लागतं. छतावर काही बसवलेलं असेल तर वरून विजेच्या आणि केबलच्या तारा लोंबतात, त्या बघा. केळशी-आंजर्ले बाजूलाही तेच. गाडी बाहेर मोठ्या रस्त्याला लावून आधी चालत जाऊन बघितलेलं बरं.

आणि पाणी. गेल्या हंगामात एका व्हॅनवाल्यांनी आमच्या खळ्यात विचारून गाडी लावली, माणसं चांगली होती, पण सकाळी भांड्यांचं साबणाचं पाणी विहिरीच्या काठाशी सोडून दिलं. आमची सगळी बाग आणि पिण्याचं पाणी त्या एका विहिरीवर. सासूबाई आता कुठल्याच व्हॅनला हो म्हणत नाहीत. खरकटं पाणी डब्यात साठवा आणि कुठे ओतू ते विचारा, आम्ही दाखवू. टॉयलेटची टाकी संडासातच रिकामी करायची, खाडीत नाही. त्यातलं निळं औषध आमच्या सेप्टिक टँकला चालत नाही, म्हणून साधं बायो वापरा.

नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत आमच्या किनाऱ्यावर, वेळास-आंजर्ल्यालाही, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री चढते आणि वर उजेड दिसला तर तशीच परत फिरते. पिल्लं तर उजेडाच्या दिशेने चालत सुटतात, समुद्र राहतो मागे. तेव्हा समुद्राकडे तोंड करून गाडी लावलीत तर हेडलाइट आणि बाहेरच्या दिव्यांच्या माळा बंद.


महालकर_नागपूर

काका, ताई, मनापासून आभार. कुलर उतरवतोय, बायकोला आनंद झाला, तिला तो कधीच आवडला नव्हता. दोन शंका राहिल्या. मधल्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या म्हणतात, त्यात ट्रॅव्हलर जाते का? आणि नाताळची गर्दी फार असेल तर कधी निघू?


हिंगण्याचा_फिटर

जाते की. तिकडे जंगलजेटी म्हणतात. अलिबागकडून उतरताना आगरदांडा ते दिघी, मग हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडले ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे अन् तवसाळ ते जयगड, अशा चार लागतील. प्रत्येक ठिकाणी हायवेचा मोठा वळसा वाचते. ट्रक-टेम्पोही चढतात, वजनाची चिंता नाही. चिंता तुमच्या शेपटीची. मागच्या चाकानंतर ट्रॅव्हलर लांब आहे, त्यात गॅरेजवाल्याने खाली टाकी लटकवली असेल. ओहोटीला पाणी खाली जाते, जेटीचा उतार अन् बोटीची फळी यांच्यात कोन पडतो अन् बंपर घासते. भरतीच्या आसपास चढवा.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वा अकरा ते बारा. तिथून सहा तासांनी ओहोटी. दिवसाला पाऊण तासाच्या वर थोडं पुढे सरकते, मिनिटाचा हिशेब नाही, पण बंपर वाचवायला पुरते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा जेटीजवळच्या खालच्या रस्त्यांवर गाडी लावून झोपू नका.

नाताळ ते एक जानेवारी जाऊच नका, खाणावळीचं अंगणही भरलेलं राहते. संक्रांत झाल्यावर निघा. पोरीची शाळा बुडते म्हणाल, तर २६ जानेवारीला जोडून रजा टाका. शनिवार-रविवारी अलिबाग-काशीदला मुंबई-पुण्याची गर्दी उसळते, ते दोन दिवस दिघीच्या खाली काढा. परत येताना समृद्धीच पाहिजे असं नाही. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असाही रस्ता आहे. तुळजापूरला देवीच्या पाया पडणं होते अन् टोलही वेगळा पडते. फक्त आंबा घाट दिवसा चढा. अन् निघायच्या आधी ब्रेक लायनर उघडून पाहा, नवी बांधणी म्हणजे गाडी जड झाली असणार. गॅरेजवाला 'ठीक आहे' म्हणाला तरी चाक काढायला लावा.


गुहागरची_सून

शेवटची फेरी किती वाजता ते त्याच दिवशी जेटीवर विचारा, हंगामाप्रमाणे बदलते. आणि धोपाव्याला उतरलात तर खाणावळीवाल्यांना आधी कळवा, आमच्याकडे रात्री नऊनंतर चूल विझते.