टी-बॉल आणि बॅट घेऊन पळणारी पोरं
बेसबॉल शिकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला थेट पिचिंगवर, म्हणजे समोरून फेकलेल्या बॉलवर खेळवायचं का, असं एका पालकांनी विचारलंय. नको हो, घाई कशाला! लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉलची संघटना) टी-बॉल ४ ते ७ वयासाठीच असतो, स्टँडवर ठेवलेला बॉल मारायचा, बास. आपल्याकडे घरात क्रिकेट मुरलेलं, त्यामुळे आमचे चिरंजीव बॉल टोलवला की बॅट काखोटीला मारून पळत सुटायचे, ती खाली टाकायची आणि तीही भिरकवायची नाही हे डोक्यात शिरेपर्यंत अर्धा सीझन गेला. ग्लोव्ह उजव्याने फेकणाऱ्याने डाव्या हातात घालायचा, पोरं हमखास उलटं करतात. आणि फर्स्ट बेसवर (धावत गाठायचा पहिला टप्पा) ब्रेक मारायला शिकवू नका, तो सरळ ओलांडून पुढे गेलं तरी चालतं, फक्त सेकंडकडे वळायचं नाही. सेकंड-थर्डला मात्र बेस सोडला आणि टॅग झाला, म्हणजे बॉल हातात असलेल्या फील्डरने स्पर्श केला, की आउट.